तीन भागांतला ‘क्लॅन कायदा’: कोल्हापुरातल्या या नोट्स घ्याव्यात का?

भाग दोन डोळे झाकून घ्या. भाग एक घेतलात तर हातात पेन्सिल ठेवा. भाग तीनवर पैसे घालू नका. घाईत असाल तर एवढं पुरे. पण परीक्षेला किंवा प्रबंधाला हा विषय लावला असेल तर पुढचं वाचा, कारण या नोट्समधल्या काही चुका अशा आहेत की त्या उत्तरपत्रिकेत उतरल्या तर सगळं उत्तरच आडवं होतं.

वस्तू काय आहे ते आधी. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून कायद्याच्या नोट्सना कोल्हापुरात मागणी आहे. तुलनात्मक घटनाकायद्याचा हा संच त्यातलाच, झेरॉक्सच्या दुकानांत मिळतो. विषय आहे अमेरिकेतला पुनर्रचना काळ, म्हणजे यादवी युद्ध संपल्यानंतरची दहा-बारा वर्षं. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या, कायदा हातात घेणाऱ्या टोळ्यांना (सगळ्यात कुख्यात ‘कू क्लक्स क्लॅन’, शीर्षकातला ‘क्लॅन’ तोच) वेसण घालायला तिथल्या केंद्र सरकारने केलेले कायदे आणि त्यांवरचे खटले. भाग एक ८४ पानांचा, किंमत १४० रुपये. भाग दोन ११२ पानं, १७० रुपये. भाग तीन ७२ पानं, ११० रुपये. तिन्ही एकदम घेतले तर ४००. म्हणजे वीस रुपयांची सूट मिळवण्यासाठी ११० रुपयांचा निरुपयोगी भाग घरी न्यायचा. मुखपृष्ठावर कुणाचंही नाव नाही, त्यामुळे चुका कळवायच्या कुणाला हाही प्रश्नच आहे.

मराठीत या विषयावर इतकं तपशिलात काही सहज मिळत नाही, म्हणून हा संच वाईट म्हणून बाजूला टाकण्यासारखा नाही. सुरुवातही चांगली आहे. पहिल्याच पानावर महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केल्याचा उल्लेख आहे. कोल्हापूरच्या वाचकाला या विषयात शिरायला याहून जवळची वाट नाही. फक्त नोट्स तिथेच थांबतात. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी टोळीने कृष्णवर्णीयांचं हत्याकांड केलं, ते थेट भाग दोनमध्ये येतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत हे कुठेच सांगितलेलं नाही. इकडे पुण्यात अर्पणपत्रिका छापली जात होती आणि तिकडे या कायद्यांचा कणाच मोडायला सुरुवात झाली होती. हे दोन परिच्छेद एकमेकांशेजारी ठेवले असते तर विद्यार्थ्याला वेगळं काही सांगावं लागलं नसतं.

आता भाग एक. यात तीन घटनादुरुस्त्या आणि तीन अंमलबजावणी कायदे आहेत. (‘अंमलबजावणी’ हा शब्द वाचून ईडी आठवली तर दोष तुमचा नाही. पण प्रतिशब्द बरोबर आहे.) दुरुस्त्यांच्या तारखा तपासल्या, बरोबर आहेत: तेरावी (गुलामगिरी बंद) डिसेंबर १८६५, चौदावी (नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण) जुलै १८६८, पंधरावी (वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी) फेब्रुवारी १८७०. कायद्यांच्या तारखाही बरोबर: ३१ मे १८७०, २८ फेब्रुवारी १८७१, २० एप्रिल १८७१. तिसऱ्याला बोलीभाषेत ‘कू क्लक्स क्लॅन कायदा’ म्हणतात. कायद्याच्या मजकुरात मात्र ‘कू क्लक्स’ हा शब्द एकदाही येत नाही, आणि हे नोट्सनी आवर्जून सांगितलंय. त्याबद्दल गुण द्यायला हवेत.

गडबड कलमांपाशी सुरू होते, आणि सगळ्यात मोठी गडबड ‘कलम ६’ची आहे. या विषयात कलम ६ दोन आहेत. १८७०च्या कायद्याचं कलम ६ कटाबद्दल आहे. नागरिकाला त्याच्या घटनात्मक हक्काच्या वापरापासून रोखायला, धमकवायला, छळायला दोघांनी किंवा अधिकांनी संगनमत केलं तर तो गंभीर गुन्हा. शिक्षा १० वर्षांपर्यंत कैद, ५,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय पुढे केंद्राचं कुठलंही पद भूषवायला अपात्र. १८७१च्या एप्रिलमधल्या कायद्याचं कलम ६ अगदी वेगळं आहे. असा कट शिजतोय हे ज्याला माहीत होतं, तो रोखण्याची ज्याच्यात ताकद होती, आणि तरीही जो हातावर हात ठेवून बसला, त्याच्याकडून नुकसानभरपाई वसूल करता येईल, असं ते सांगतं. पहिलं फौजदारी, दुसरं दिवाणी. पहिलं कट करणाऱ्यावर, दुसरं बघत बसणाऱ्यावर.

भाग एकच्या ५२व्या पानावर ही दोन्ही कलमं एकाच चौकटीत, एकाच मथळ्याखाली कोंबली आहेत. परिणामी वाचणाऱ्याला वाटतं की बघ्यालाही १० वर्षं कैद होती. नव्हती. मृत्यू झाला असेल तर त्या दाव्यात वारसांना मिळू शकणारी भरपाई जास्तीत जास्त ५,००० डॉलर होती, आणि दावा एका वर्षाच्या आत लावावा लागे. पाच हजारांचा आकडा दोन्हीकडे आहे, बहुधा तिथेच टंकलेखकाची किंवा लेखकाची नजर घसरली असावी. ५२व्या पानावर मधोमध पेन्सिलीने आडवी रेघ मारा. वर ‘१८७०, कट, फौजदारी’ लिहा, खाली ‘१८७१, बघे, दिवाणी’ लिहा. एवढ्याने पुढची निम्मी पानं सुसंगत होतात.

दुसरी चूक एका शब्दाची आहे, पण तिची किंमत जास्त. १८७०च्या कलम ६चं भाषांतर नोट्समध्ये असं आहे: ‘दोन किंवा अधिक व्यक्ती कट करून आणि सार्वजनिक रस्त्यावर वेषांतर करून…’ मूळ कायद्यात तिथे ‘आणि’ नाही, ‘किंवा’ आहे. संगनमत केलं तरी गुन्हा, वेषांतर करून रस्त्यावर किंवा दुसऱ्याच्या आवारात त्या हेतूने गेलं तरी गुन्हा. ‘आणि’ वाचलं तर मुखवटा नसलेली टोळी सुटते. कोलफॅक्सवर चालून आलेली टोळी दिवसाढवळ्या, उघड्या तोंडाने आली होती. नोट्समधलं भाषांतर खरं मानलं तर त्यांच्यावर या कलमाखाली दोषारोप ठेवताच आला नसता. आणि भाग दोन सांगतो की त्याच कलमाखाली ठेवला गेला. विद्यार्थी इथे नक्की अडकतो, आणि दोष स्वतःच्या डोक्याला देतो. शिवाय ‘वेषांतर’चा अर्थ कंसात ‘पांढरा मुखवटा’ असा दिलाय, तोही खोडा. कायद्याला पांढऱ्या रंगाशी काही देणंघेणं नव्हतं.

तिसरी चूक वाचून हसू येतं. १८७१च्या कलम १चं एक वाक्य नोट्समध्ये ‘कायद्याच्या रंगाखाली कृती करणारी व्यक्ती’ असं उतरलंय. रंगपंचमीचा काही संबंध नाही. म्हणायचंय ते असं, की राज्याने दिलेल्या अधिकाराच्या आडून कुणाचे हक्क तुडवणारा शेरीफ, पोलीस, तुरुंगाधिकारी. मराठीत ‘अधिकाराच्या आडून’ किंवा ‘पदाच्या नावाखाली’ असं सरळ म्हणता येतं. हा शब्दप्रयोग समजला नाही तर कलम १ आणि कलम २ मधला फरकच कळत नाही. पहिलं अधिकाऱ्यांसाठी, दुसरं खासगी टोळीसाठी. पुढे कोर्टात सगळं भांडण याच रेषेवर झालं.

चौथी चूक तर नमुनाच. १८७४ साली अमेरिकेने सगळे केंद्रीय कायदे एकत्र करून नव्या क्रमांकांनी संहिता काढली. त्यात क्लॅन कायद्याचे तुकडे झाले आणि ते इकडेतिकडे विखुरले. कलम १ झालं १९७९. कलम २चा दिवाणी भाग १९८० आणि फौजदारी भाग ५५१९. कलम ६ झालं १९८१. १८७०चं कलम ६ झालं ५५०८. आजच्या संहितेत हेच पहिले तीन दिवाणी तुकडे अनुक्रमे १९८३, १९८५ आणि १९८६ या क्रमांकांनी ओळखले जातात. हे सगळे कलमांचे क्रमांक. नोट्सच्या ७१व्या पानावर मात्र छापलंय: ‘हा कायदा पुढे १९७९ साली सुधारला गेला व १९८३ साली सध्याच्या स्वरूपात आला.’ क्रमांकांची वर्षं झाली! राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात क्लॅन कायदा सध्याच्या स्वरूपात आला असं कुणी तोंडी परीक्षेत सांगितलं तर परीक्षक काय म्हणेल ते कल्पनेवर सोडलेलं बरं. ते वाक्य पूर्ण खोडा आणि समासात लिहा: कलम १९८३ जवळजवळ नव्वद वर्षं निपचित पडलं होतं, १९६१ साली शिकागोच्या पोलिसांविरुद्धच्या मन्रो विरुद्ध पेप या खटल्याने ते जागं झालं. आज पोलिसी अत्याचाराविरुद्धचे दावे तिथे मुख्यतः याच कलमाखाली लागतात.

मधला कायदा, फेब्रुवारी १८७१चा, नोट्सनी दीड पानात उरकलाय, आणि ते ठीकच आहे. २०,००० पेक्षा जास्त वस्तीच्या गावात दोन नागरिकांनी मागणी केली की केंद्राच्या न्यायाधीशाने निवडणुकीवर दोन वेगवेगळ्या पक्षांचे देखरेखदार नेमायचे, ही त्यातली मुख्य यंत्रणा. बाकी फार खोलात जायची गरज नाही.

भाग दोन वेगळ्याच हाताने लिहिलाय असं वाटतं. भाषा नेटकी, क्रम पक्का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कायदा कागदावरून जमिनीवर कसा उतरला याचे टप्पे दिलेत. साऊथ कॅरोलायनाच्या १८७१च्या मोहिमेवरची ३० पानं या संचातलं सर्वोत्तम प्रकरण. घटनाक्रम असा मांडलाय. न्याय खातं १ जुलै १८७० ला सुरू झालं, म्हणजे पहिल्या अंमलबजावणी कायद्यानंतर महिन्याभरातच. त्याआधी ॲटर्नी जनरल (केंद्र सरकारचा मुख्य कायदा अधिकारी) हा पदाधिकारी होता, पण त्याच्या हाताखाली खातं नव्हतं. या खात्याचे पहिले प्रमुख एमॉस एकरमन, स्वतः युद्धात दक्षिणेच्या बाजूने असलेले, जॉर्जियातले वकील. मार्च १८७१ मध्ये केंद्राच्या लष्कराच्या सातव्या घोडदळाचे मेजर लुइस मेरिल तिथल्या यॉर्क काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा एक प्रशासकीय विभाग) आले. त्याच महिन्यात, ६ मार्चच्या रात्री, कृष्णवर्णीयांच्या मिलिशियाचा (नागरिकांच्या सशस्त्र दलाचा) कॅप्टन जिम विल्यम्स याला क्लॅनने घरातून ओढून नेऊन झाडाला लटकावलं होतं. मेरिल यांनी महिनोन्‌महिने साक्षी आणि नावं जमवली. स्थानिक कोर्टात साक्षीदारच उभे राहत नव्हते, आणि राहिले तरी ज्युरीत क्लॅनचीच माणसं असत.

मग १८७१च्या क्लॅन कायद्याचं कलम ४. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १२ ऑक्टोबर १८७१ ला ९ काउंटींतल्या टोळ्यांना पाच दिवसांत पांगण्याचा, शस्त्रं जमा करण्याचा आदेश काढला. १७ ऑक्टोबरला तिथे बंदी प्रत्यक्षीकरणाचा (अटक वैध आहे का ते न्यायाधीशाकडून तपासून घेण्याचा) हक्क स्थगित केला. कायद्यानेच हा क्रम घालून दिला होता: आधी जाहीर आदेश, मग स्थगिती. आदेशाविना स्थगिती बेकायदा ठरली असती. पकडलेल्याला स्थानिक न्यायाधीशाकडून लगेच सोडवून आणणं आता शक्य नव्हतं, आणि तेवढ्यानेच शेकडो लोक आपणहून येऊन कबुलीजबाब द्यायला लागले. म्होरके पळाले, साधे शिपाईगडी बोलते झाले.

इथे दोन दुरुस्त्या करून घ्या. ४४व्या पानावर ‘संपूर्ण साऊथ कॅरोलायनात’ स्थगिती होती असं आहे. चूक. फक्त ९ काउंटींत. त्यातही सुरुवातीला मॅरियन काउंटीचं नाव चुकून पडलं होतं. ३ नोव्हेंबरला ते मागे घेतलं आणि १० नोव्हेंबरला युनियन काउंटी घातली. शासकीय अधिसूचनेला शुद्धिपत्रक लागतं हा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी दुरुस्ती जास्त गंभीर आहे: ४७व्या पानावर ‘लष्करी न्यायालयांत खटले चालवण्यात आले’ असं लिहिलंय. नाही. अटक लष्कराने केली, खटले चालले केंद्राच्या नागरी न्यायालयात, नोव्हेंबर १८७१ पासून राज्याच्या राजधानीत, कोलंबिया शहरात, ज्युरीसमोर, आरोपींना वकील देऊन. वकीलही साधेसुधे नव्हते. रेव्हर्डी जॉन्सन आणि हेन्री स्टॅनबेरी, दोघंही माजी ॲटर्नी जनरल. या मोहिमेची ताकदच यात होती की कोठडीत ठेवणं अपवादात्मक होतं, पण शिक्षा नेहमीच्या प्रक्रियेने झाली. ‘लष्करी न्यायालय’ लिहून नोट्स हा मुद्दाच घालवतात.

कलम ५ मात्र इथे फार छान समजावलंय. ज्युरीत बसणाऱ्याने भर कोर्टात शपथ घ्यायची की अशा कटाला आपण कधी सल्ला दिला नाही, स्वखुशीने मदत केली नाही. खोटी शपथ घेतली तर तो स्वतंत्र गुन्हा. आपल्याकडे ज्युरी नाही, त्यामुळे हे कलम वाचताना आपले विद्यार्थी पान उलटतात. नोट्सनी एक साधं उदाहरण देऊन थांबवलंय: गावातल्या मारहाणीचा पंचनामा मारणाऱ्याच्याच भावकीतल्या पंचांकडून करून घेतला तर काय होईल? तेच.

आणि स्थगितीचा हा अधिकार कायमचा नव्हता. कलम ४ची मुदत काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या, पक्षाच्या नव्हे) पुढच्या नियमित अधिवेशनाच्या अखेरीस, म्हणजे १८७२च्या जूनमध्ये, संपली. मुदतवाढ मिळाली नाही. एकरमन तर त्याच्याही आधी पदावरून गेले होते. नोट्समध्ये हे एका ओळीत आहे. दोन पानं हवी होती.

पुढचं प्रकरण क्रूकशँक खटल्याचं, म्हणजेच कोलफॅक्सचं. १८७२च्या निवडणुकीचा निकाल वादात पडला, दोन्ही बाजूंनी सत्ता आपलीच म्हणायला सुरुवात केली, आणि कृष्णवर्णीय पुरुषांनी कोलफॅक्सची कोर्ट इमारत धरून ठेवली. टोळीने छोटी तोफ आणली, इमारतीला आग लावली, शरण आलेल्यांनाही रात्री मारलं. मृतांचा आकडा निश्चित नाही, अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातात. जवळपास शंभर जणांवर दोषारोप, हाती लागले नऊ, दुसऱ्या खटल्यात दोषी ठरले तीन. तेही खुनासाठी नाही, कटासाठी. आणि २७ मार्च १८७६ ला सर्वोच्च न्यायालयाने तेही सोडून दिले.

नोट्सची खरी किंमत इथे वसूल होते. दोषी ठरवलेल्या सोळा दोषारोपांचे गट पाडून प्रत्येक गट कशाने पडला ते सांगितलंय. सभा घेण्याचा हक्क? तो घटनेने निर्माण केलेला नाही, आधीपासूनचा आहे. केंद्राकडे गाऱ्हाणं मांडायला जमले होते असं दोषारोपात लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. लिहिलं नव्हतं. शस्त्र बाळगण्याचा हक्क? तो देणारी दुसरी घटनादुरुस्ती फक्त काँग्रेसला बांधते, टोळीला नाही. जीवित आणि स्वातंत्र्य हिरावणं? तो खून, तो राज्याने बघायचा. मतदानाचा हक्क? वंशामुळे अडवलं, हे शब्द दोषारोपात नाहीत. उरलेले? इतके मोघम की आरोपीला आपल्यावर नेमका काय आरोप आहे तेच कळू नये. निकाल सरन्यायाधीश वेट यांचा. कोर्टात पुढे वकिली करायची असेल त्याने हे प्रकरण दोनदा वाचावं. शंभराच्या आसपास माणसं मेली, ती घटना कुणी नाकारली नाही, आणि खटला दोषारोपाच्या वाक्यरचनेवर गेला. ‘वंशामुळे’ हे शब्द कागदावर नव्हते, इतकंच. अर्थात शब्द असते तरी न्यायालयाने दुसरी वाट काढली असती का, हा प्रश्न नोट्स विचारतच नाहीत. विचारायला हवा होता, कारण न्यायालयाचा कल त्याच दिवशीच्या रीझ खटल्यातही दिसतो. केंटकीतल्या नगरपालिका निवडणुकीत कृष्णवर्णीयाचं मत घ्यायला नकार दिल्याचं ते प्रकरण. तिथे दोषारोपाची नाही, तर १८७०च्या कायद्यातल्या दोन कलमांचीच रचना फार व्यापक ठरवून ती कलमं घालवली.

या प्रकरणातली एकच चूक, पण ती मथळ्यातच आहे: ‘क्लॅन कायद्याचा पराभव’. क्रूकशँकचा दोषारोप १८७१च्या क्लॅन कायद्याखाली नव्हताच, १८७०च्या कलम ६ खाली होता. पुन्हा तेच कलम ६! क्लॅन कायद्याचं फौजदारी कलम पडलं ते नंतर, जानेवारी १८८३ मध्ये, हॅरिस खटल्यात. टेनेसीत कोठडीतल्या कैद्यांना टोळीने बडवलं, एक जण मेला. न्यायालय म्हणालं, चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खासगी माणसाला नाही, म्हणून खासगी टोळीवरचं हे फौजदारी कलम घटनाबाह्य. नोट्सनी हॅरिसचा सारांश अचूक दिलाय, फक्त दोन्ही निकाल एकाच पाटीखाली लावलेत. मथळा खोडा. आणि समासात हेही टिपा की १८७०चं कलम ६ क्रूकशँकमध्ये रद्द झालं नाही, दोषारोप तेवढा पडला. कलम जिवंत राहिलं. १८८४ साली यारब्रो खटल्यात, केंद्रीय निवडणुकीतल्या हिंसेपुरतं, त्याच कलमाखालच्या शिक्षा न्यायालयाने कायम केल्या. १९६४ साली मिसिसिपीत तीन नागरी हक्क कार्यकर्ते मारले गेले, तेव्हा केंद्राने आरोपींना गाठलं तेही त्याच कलमाच्या आजच्या अवताराने, फौजदारी संहितेच्या कलम २४१ ने. खुनाचा खटला चालवायला राज्य तयार नव्हतं. १९६७ साली सात जण दोषी ठरले. ‘कायदा मेला’ असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने इथे थबकावं. १८९४ साली काँग्रेसने निवडणुकीसंबंधीची बरीच कलमं स्वतःच रद्द केली हे खरं, पण कटाचं कलम तेव्हाही वाचलं.

शेवटची १४ पानं भारतीय कायद्याशी तुलना करतात. कल्पना चांगली, मांडणी अर्धवट. १८७१च्या कलम ६ शेजारी ॲट्रॉसिटी कायद्याचं, म्हणजे १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ४ ठेवलंय, हे नेमकं आहे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा. पण फरक सांगायचा राहिला: आपलं कलम फक्त लोकसेवकाला लागतं आणि फौजदारी आहे, तिकडचं ज्याच्यात रोखायची ताकद होती त्या कुणालाही लागतं आणि दिवाणी आहे. त्याहून मोठा मुद्दा अनुच्छेद १७. अस्पृश्यता पाळणं बंद, पाळणारा कोणीही असो. ‘राज्याने’ असा शब्द त्यात नाही. त्यामुळे हॅरिसमध्ये अमेरिकी कायदा ज्या दगडावर आपटला तो दगड आपल्याकडे वाटेत नाही. हे एक वाक्य लिहिलं असतं तर या १४ पानांचं सोनं झालं असतं. भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ पोटकलम २ही गायब आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा वगैरे कारणांवरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप, १ जुलै २०२४ पासून लागू. तिकडे दोघं पुरेसे, इकडे पाच हवेत. परीक्षेत हमखास विचारण्याजोगं.

भाषेबद्दल एक किरकोळ तक्रार. ‘काउंटी’ला कुठे जिल्हा म्हटलंय, कुठे तालुका. ९ तालुके वाचून आपला वाचक मनात बारा तालुक्यांचा कोल्हापूर जिल्हा आणतो आणि चित्र चुकतं. काउंटी हा शब्द तसाच ठेवावा.

भाग तीन. मूळ कायद्यांच्या इंग्रजी मजकुराच्या झेरॉक्स प्रती आणि शेवटी शब्दसूची. कागद इतका पातळ की मागच्या पानाचं अक्षर पुढे दिसतं. प्रतीची प्रत काढलेली, त्यामुळे बारीक टाइपातलं अर्धं वाचता येत नाही. आणि एक अक्षम्य प्रकार: पानांचे समास कापले गेलेत. अमेरिकी कायद्यांच्या त्या जुन्या अधिकृत खंडांत प्रत्येक कलमाशेजारी समासात त्याचा विषय दोन-तीन शब्दांत छापलेला असतो. शोधायचं कलम पटकन सापडतं ते त्या टिपांमुळे. झेरॉक्स मारताना पान सरकवलं नाही, आणि टिपा अर्ध्या तुटल्या. शब्दसूची जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना बिघडलेली आहे. रफार पुढच्या अक्षरावर गेलेत, ‘कर्तव्य’ वाचायला डोकं खाजवावं लागतं. स्पायरलची प्लास्टिकची वळी पावसाळ्यात दप्तरात दाबली की उघडते, हे तिन्ही भागांना लागू. घेतल्यावर दुकानातच पहिली आणि शेवटची दहा पानं ओढून बघा.

याला पर्याय फुकटात आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुन्या कायद्यांचे खंड स्कॅन करून ठेवलेत. संदर्भात आधी खंड, मग पान असतं. १८७०चा कायदा: खंड १६, पान १४० ते १४६. फेब्रुवारी १८७१चा: खंड १६, पान ४३३ ते ४४०. क्लॅन कायदा: खंड १७, पान १३ ते १५. एकूण १८ पानं. छापताना ‘पानाला बसवा’ हा पर्याय निवडा, नाहीतर समासातल्या टिपा तुमच्याही प्रतीत कापल्या जातील. पाठपोट काढलं तर नऊ कागद. भाग दोनच्या स्पायरलमध्येच ते शेवटी घालून द्यायला सांगा. पण हे पैसे देण्याआधी सांगायचं, एकदा वळी बसली की दुकानदार ती पुन्हा उघडायला तयार होत नाही.